खिळ्यावरचा बॅज

मॅडमच्या गाठीचा रिपोर्ट साधा आला आणि त्यानंतर चौथ्या दिवशी त्यांचा मला फोन आला.

गाठ डाव्या स्तनात, वरच्या आणि काखेकडच्या कोपऱ्यात होती. नागपूरला बायोप्सी झाली, फायब्रोअॅडिनोमा निघाला, म्हणजे कर्करोगाशी संबंध नसलेली गाठ. विषय तिथंच संपायला हवा होता. पण मॅडम हाडांच्या सर्जन. वय अडतीस, यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका तालुक्याच्या गावात आठ वर्षांची प्रॅक्टिस. फोनवर म्हणाल्या, "सोनोग्राफीच्या टेबलावर पडले होते तेव्हा डोक्यात एकच होतं. आठ वर्षांत मी सी-आर्मसमोर किती किरण घेतले? घरी येऊन बॅजचे सगळे रिपोर्ट काढले. सगळे शून्य. तुम्हीच सांगा, शून्य कसं असेल?"

सी-आर्म म्हणजे ऑपरेशन चालू असताना हाडाचं चित्र पडद्यावर दाखवणारं एक्स-रे मशीन, आणि बॅज म्हणजे माणसानं किती किरण घेतले ते मोजणारी डबी. मी मेडिकल फिजिसिस्ट. नागपूरच्या एका रुग्णालयात रेडिएशन सेफ्टी बघते आणि शनिवारी लहान रुग्णालयांतल्या एक्स-रे मशिनांची तपासणी करायला बाहेर पडते. गाव, रुग्णालय आणि माणसं ओळखू येणार नाहीत एवढे तपशील मी इथं बदलले आहेत.

बत्तीस ओळी

दर तीन महिन्यांनी एक, असे आठ वर्षांचे बत्तीस रिपोर्ट. मॅडमच्या नावापुढं बत्तीसही वेळा शून्य. महिन्याला पंधराएक केसेस सी-आर्मखाली करणाऱ्या माणसाचा डोस शिशाच्या एप्रनच्या आतून कमीच येतो, हे खरं. पण बत्तीसच्या बत्तीस वेळा शून्य? शेतात रोज राबणाऱ्याच्या चपलेला आठ वर्षांत एकदाही चिखल लागू नये, तशातला हा प्रकार.

ज्यांनी टीएलडी बॅज पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. छातीवर लावायची ही प्लास्टिकची डबी. आत अॅल्युमिनियमच्या पट्टीवर कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरण पडले की त्यांची ऊर्जा चकतीत अडकून राहते. तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत ती तापवली की प्रकाश बाहेर पडतो आणि तो मोजून डोस काढतात. प्रत्येक संचात एक कंट्रोल बॅज असतो. तो कोणी लावायचा नसतो, किरणांपासून लांब ठेवायचा असतो. त्याच्यावर जे काही साठलं ते निसर्गातलं, म्हणून ते बाकीच्या बॅजमधून वजा करतात.

शनिवारी पोचल्यावर मी आधी बॅज मागितले. हिशेब बघणारे भाऊ मला ऑफिसात घेऊन गेले. कपाटाच्या बाजूला एक खिळा, खिळ्याला पाच बॅज, आणि त्याच गुच्छात कंट्रोल.

"इथं कशाला?" मी विचारलं.

"ताई, मांगं एक बॅज हरवला होता. त्याचे पैसे भरा लागले. तवापासून साहेबांनी सांगतलं, सगळे एकाच जागी ठेवत जा." मग फाईल पुढं सरकवून जरा अभिमानानंच म्हणाले, "पाहा ना, कवाच काही आलं नाही."

येणार कसं? पाच बॅज आणि कंट्रोल एकाच भिंतीवर, एकाच हवेत. एकातून दुसरा वजा केला की उरणार शून्यच. प्रयोगशाळेनं बत्तीस वेळा अगदी अचूक मोजमाप केलं होतं, पण ते त्या खिळ्याचं.

या भाऊंना दोष द्यावा असं मला वाटत नाही. बॅज म्हणजे सांभाळायची सरकारी वस्तू, हरवली तर दंड, एवढंच त्यांना कोणीतरी सांगितलेलं. ही वस्तू कुणाच्या तरी अंगावर असायला हवी, हे सांगायचं राहून गेलं. राग मला मॅडमचा आला, आणि तसं मी बोललेही. त्या हसल्या. "पहिली दोन वर्षं मागत होते. मग केसेसच्या धबडग्यात सुटलं. आणि रिपोर्ट शून्य येत होता ना!"

एक मांडीचं हाड

त्या दिवशी अकरा वाजता केस होती. रात्री मोटारसायकल रानडुकरावर आदळून पोराच्या मांडीचं हाड मधोमध मोडलेलं. इंटरलॉकिंग नेल घालायचा, म्हणजे हाडाच्या पोकळीत लांब सळई सरकवायची आणि वर-खाली आडवे स्क्रू टाकून ती पक्की करायची. या ऑपरेशनात सर्वांत जास्त किरण जातात ते गुडघ्याजवळचे स्क्रू टाकताना. सळईतलं भोक बाहेरून दिसत नाही. सी-आर्म आडवा करून, पडद्यावर ते भोक अगदी गोल दिसेपर्यंत हलवून, ड्रिलचं टोक त्या गोलाच्या मधोमध आणावं लागतं. हात जरा हलला की पुन्हा शूट.

मॅडमच्या परवानगीनं मी त्यांच्या अंगावर किरण मोजणारे तीन छोटे डोसिमीटर लावले. एक कॉलरजवळ एप्रनच्या बाहेर, दुसरा एप्रनच्या आत छातीच्या मध्यावर, म्हणजे बॅज जिथं लावायचा तिथं, आणि तिसरा डाव्या काखेशी, जिथं ती गाठ निघाली होती बरोबर तिथं.

मग एप्रन. थिएटरच्या बाहेर दोन होते. एक स्टुलावर घडी करून ठेवलेला, त्याच्याबद्दल पुढं बोलू. दुसरा मॅडमनी चढवला, मोठ्या मापाचा. मॅडमची उंची पाच फूट एक इंच. एप्रन पोटाशी नीट बसला, पण खांद्यावरून सुटला आणि बाहीच्या जागेचं भोक काखेखाली चार बोटं खाली आलं. हात खाली असताना ते कळत नाही. ड्रिल धरायला हात पुढं आणि वर घेतला की भोक आ वासतं आणि स्तनाचा वरचा बाहेरचा भाग पूर्ण उघडा पडतो. शिशाच्या चिलखताला नेमकी तिथं खिडकी.

गळा झाकणारी शिशाची थायरॉइड कॉलर खुंटीवरच राहिली. वीज गेली होती. जनरेटरवर दिवे आणि मशीन चालत होतं, एसी नव्हता. महिना मे. पाच-सहा किलोचा रबरी एप्रन घालून ४५ अंशांत तासभर उभं राहिल्यावर माणूस आधी कॉलर काढतो, हे मी इकडे सगळीकडे पाहिलंय. सुरक्षेच्या पोस्टरवरचं थिएटर मात्र नेहमी थंडगार असतं.

केस सुरू होण्याआधी टेक्निशियननं मशीन लागतंय का ते बघायला बीममध्ये स्वतःचा पंजा धरला. पडद्यावर बोटांची हाडं उमटली, तो खूश. एक्स-रेचा शोध १८९५ सालचा. त्यानंतर लवकरच सान फ्रान्सिस्कोत एलिझाबेथ फ्लेशमन या बाईंनी स्वतःची एक्स-रे लॅब काढली होती. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांच्या प्लेट्स त्यांनी काढल्या. किरणांनी त्यांचा हात खाल्ला, तो कापावा लागला, आणि १९०५ मध्ये त्या गेल्या. हे मी त्या टेक्निशियनला नंतर चहा पिताना सांगितलं. "मंग कशानं पाहू जी?" असं त्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता. पाण्याची भरलेली बाटली ठेव म्हटलं.

लॅटरल, म्हणजे बाजूनं चित्र, घेताना मशीन आडवं झालं तेव्हा किरण सोडणारी ट्यूब मॅडमच्या बाजूला आली. कारण साधं होतं. ट्यूबचा भाग लहान असतो, त्यामुळं ड्रिलला जागा मिळते. समोरून किरण झेलून चित्र करणाऱ्या इंटेन्सिफायरचा मोठा डबा त्या बाजूला आला की हात अडकतो. पण पेशंटच्या अंगावर आदळून विखुरणारे किरण सर्वांत जास्त ट्यूबच्याच बाजूला परत फिरतात. मॅडम डावा खांदा पुढं काढून, दोन्ही हात वर धरून, त्या विखुरणाऱ्या किरणांच्या तोंडाशी उभ्या. काखेची खिडकी उघडी.

आणखी एक गोष्ट मला पडद्याकडं बघता बघता कळली. किरण सुरू करायचं पेडल टेक्निशियनच्या पायाखाली होतं. मॅडम "शूट" म्हणायच्या, मग "बस". "बस" म्हटल्यावर पाय उचलेपर्यंत एक-दोन सेकंद जायचे. मॅडमचे डोळे तोवर ड्रिलवर परतलेले असायचे. म्हणजे ती एक-दोन सेकंदं मशीन कुणीही बघत नसलेलं चित्र काढत होतं.

ऑपरेशन छान झालं. सी-आर्म एकूण ३ मिनिटं ५० सेकंद चालला. डोसिमीटर काढून वाचले. कॉलरजवळ ४६ मायक्रोसीव्हर्ट (हे डोसाचं माप, हजार मायक्रोसीव्हर्ट म्हणजे एक मिलिसीव्हर्ट), छातीच्या मध्यावर एप्रनच्या आत २, काखेशी १९.

दोन आणि एकोणीस

मॅडमनी ते आकडे पाकिटाच्या मागं लिहून घेतले आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बॅज खिळ्यावरून काढून मी रोज लावला असता, तरी त्यानं दोनच सांगितलं असतं."

या प्रकरणाची खरी गोम इथं आहे. खिळ्याचा घोळ शोधून काढल्यावर मीही मनातून जरा सुटल्यासारखी झाले होते. पण नियमानुसार एप्रनच्या आत, छातीवर लावलेला बॅज प्रामाणिक असला तरी तो शिशाच्या मागून बोलतो. किरण काखेतून आत येत असतील तर त्याला त्याची खबरच नसते. पुरुषाच्या बाबतीत हा फरक फारसा कुणी मनावर घेत नाही. बाईच्या बाबतीत त्या खिडकीत स्तनाचा नेमका तो भाग येतो, जिथं स्तनाचा कर्करोग सर्वांत जास्त वेळा सापडतो.

स्तनाच्या ऊतींचा किरणांपुढचा हळवेपणा आधी कमी धरला गेला होता. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगानं १९९० च्या शिफारशींत स्तनाला ०.०५ असा भारांक, म्हणजे शरीराच्या एकूण धोक्यात त्या अवयवाचं वजन, दिला होता. २००७ मध्ये तो ०.१२ केला, दुपटीहून जास्त. २०१० मध्ये अमेरिकेतल्या स्त्री अस्थिशल्यचिकित्सकांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण तिथल्या इतर स्त्रियांच्या सुमारे तिप्पट दिसलं. पुढं २०१६ मध्ये छातीच्या पुतळ्यावर वेगवेगळ्या मापांचे एप्रन चढवून सी-आर्मखाली मोजमाप झालं. त्यात आडव्या बीमला आणि ढगळ एप्रनला काखेकडच्या भागात डोस वाढलेला दिसला. आम्ही त्या थिएटरात पाहिलं तेही हेच.

तिप्पट हा आकडा मात्र जपून हातात घ्यावा. ती पाहणी होती. ज्यांनी उत्तरं पाठवली त्यांचीच मोजदाद, आणि रुग्णांची संख्याही लहान. सर्जन बायकांना मुलं उशिरा होतात किंवा होत नाहीत, रात्रपाळ्या असतात, आणि डॉक्टर असल्यानं तपासण्याही जास्त होतात. या प्रत्येक गोष्टीनं आकडा वर जाऊ शकतो. किरणांचा वाटा यात किती, हे त्या पाहणीतून वेगळं काढता येत नाही.

मॅडमना मी कागदावर त्यांचाच हिशेब मांडून दिला. वर्षाला १८० केसेस, प्रत्येकीला काखेत १९ मायक्रोसीव्हर्ट धरले तर वर्षाला ३.४ मिलिसीव्हर्ट, आठ वर्षांत सुमारे २७. हे ढोबळ आहे, कारण मनगटाच्या केसला याहून खूप कमी आणि खुब्याच्या केसला कदाचित जास्त जात असेल. तुलना करायची तर एका स्तनाच्या मॅमोग्राफीत दोन फिल्मांना मिळून ३ ते ४ मिलिग्रे (हेही डोसाचंच माप) जातात, आणि एक्स-रेपुरते हे दोन्ही आकडे शेजारी ठेवायला हरकत नाही. म्हणजे काखेकडच्या त्या कोपऱ्याची दरवर्षी जणू एक मॅमोग्राफी होत होती, फक्त फिल्म कुणी काढत नव्हतं.

कामाच्या ठिकाणची मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळानं सलग पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्ट अशी घातली आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. ही मर्यादा संपूर्ण शरीराच्या डोसची. मॅडम तिच्या कितीतरी खाली होत्या. गाठीचा आणि किरणांचा संबंध जोडायला मला काहीही आधार नव्हता आणि मी तो जोडला नाही. "घाबरू नका" हे मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत त्यांनीच मला थांबवलं. "मी घाबरले नाहीये. मला राग आलाय. चार बोटांच्या भोकापायी आठ वर्षं!"

हा राग मला पटला. मर्यादेच्या आत आहे म्हणून विनाकारण घ्यावं, असं कुठल्याही नियमात नाही. आमच्या धंद्यात उलटंच शिकवतात, डोस जमेल तितका कमी ठेवा.

काय केलं

ट्यूब आणि पेडल त्याच दिवशी बदलता आले, कारण त्यांना पैसे लागत नव्हते. लॅटरल घेताना इंटेन्सिफायर मॅडमच्या बाजूला घ्यायचं ठरलं. पहिल्या दोन केसेसला ड्रिल अडकतं म्हणून त्या वैतागल्या, मग टेबलाची उंची बदलून जागा सापडली. पेडल त्यांच्याच पायाखाली आलं. मशिनात थांबलेलं शेवटचं चित्र पडद्यावर धरून ठेवायची सोय आधीपासून होती, फक्त ती कुणी चालू केली नव्हती. भूलतज्ज्ञांना शूटच्या वेळी दोन पावलं मागं सरकायला सांगितलं. अंतर दुप्पट झालं की डोस चौथा हिस्सा होतो. दोन पावलांना पैसे पडत नाहीत.

स्टुलावरचा दुसरा एप्रन सी-आर्मखाली पसरून पाहिला. घडीच्या रेषेवर शिसं तडकलेलं, पडद्यावर कोरड्या जमिनीसारख्या भेगा. तो तिथंच बाद केला. एप्रन घडी करायचे नसतात, जाड दांडीवर टांगायचे असतात. ऑफिसच्या भाऊंनी दुसऱ्याच दिवशी जीआय पाइपाचा तुकडा भिंतीला ठोकून घेतला.

काखेच्या भोकासाठी त्यांनी मोठ्या उत्साहानं उपाय सुचवला. "ताई, बाजारातल्या टेलरकडून दोन चापे मारून घेऊ. पन्नास रुपयांत होते." कल्पना वाईट नव्हती, फक्त शिशाच्या रबरात सुई घातली की प्रत्येक टाक्याला एक भोक पडतं. मग मॅडमच्या मापाचा एप्रन मागवला, काखेला झाकणारे पंख आणि खांद्याच्या छोट्या बाह्या असलेला. पहिल्यांदा जो आला तो 'लेडीज' म्हणून आला आणि निघाला तोच जुना मोठा एप्रन, रंग तेवढा गुलाबी. तो परत पाठवला. दुसरा यायला सात आठवडे लागले.

तोवर मावशींचं प्रकरण निघालं. खरं तर ते माझ्या डोळ्यांसमोर पहिल्या दिवसापासून होतं. ऑपरेशनच्या आधी मोडलेला पाय ओढून धरायला थिएटरच्या एक मावशी उभ्या राहत, अंगावर साडीवर हिरवा गाऊन, बस. ना एप्रन, ना बॅज. बॅजच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं.

"मावशी, किती वर्षं झाली पाय धरता?"

"धा-बारा वर्स झाले असतीन जी."

"एप्रन का नाही घालत?"

"मले काय होते? मी त मांगंच उभी रायतो. अन् ते एप्रन डाक्टरायचे हायेत ना."

मावशींचा काही हिशेब मी मांडू शकले नाही. मॅडमसाठी निदान एक शनिवार मोजलेला होता. मावशींच्या बारा वर्षांत पाय किती धरले, मशीन किती चाललं, कुठंही काही लिहिलेलं नाही. त्यांच्या नावानं बॅज मागवला, आणि मॅडमचा जुना मोठा एप्रन त्यांना अगदी नीट बसला. मावशी अंगानं भरलेल्या आहेत.

नवा एप्रन आल्यावर मी पुन्हा गेले. या वेळी केस तशीच, मांडीचं हाड, ट्रॅक्टरवरून पडलेला माणूस. सी-आर्म २ मिनिटं ५ सेकंद चालला. काखेशी ३ मायक्रोसीव्हर्ट. एसी चालू होता, त्यामुळं कॉलर गळ्यात होती. पुढच्या मे महिन्यात ती गळ्यात असेल की खुंटीवर, हे मी सांगू शकत नाही. एसीला वेगळी जनरेटर लाइन द्यायचा खर्च व्यवस्थापनानं अजून मान्य केलेला नाही.

दिवाळीच्या आसपास ऑफिसच्या भाऊंचा फोन आला. आवाज घाबरा.

"ताई, नवा रिपोर्ट आला. मॅडमच्या नावापुढं आकडा हाय. पॉइंट एक शून्य. मावशीच्याबी पुढं हाय."

"कंट्रोल कुठं ठेवला होता?"

"तो खिळ्यालेच हाय ना. बाकी समद्यायच्या अंगावर होते." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "मंग आता काय करा लागन? कोनाले कळवा लागन का?"